चार हेडफोन, काळी चार

हेडफोनच्या नादी लागलेल्या लोकांची स्वतःची एक भाषा असते. अमुक हेडफोन ‘वॉर्म’ आहे, तमुक ‘ब्राइट’ आहे, याचा बेस घट्ट आहे, त्याच्या आवाजावर पडदा आहे, आणि तिसऱ्याचं साउंडस्टेज एवढं मोठं की डोळे मिटले तर आपण थेट सभागृहात. नोकरीच्या पहिल्या वर्षी ही भाषा कानावर पडली तेव्हा मला हापूसच्या पेटीभोवती जमलेल्या काकामंडळींची आठवण झाली. देवगड की रत्नागिरी यावर तासभर वाद घालतील, पण डोळे बांधून फोड हातात दिली तर पैज लावायला कोणी पुढे येणार नाही.

तरीही मी त्यात ओढली गेले. दिवसभर ऑफिसात हेडफोन घालून कोड लिहिणाऱ्या माणसाला कानात काय घातलंय याची उत्सुकता असतेच, आणि विशेषणाच्या मागे काहीतरी मोजता येण्यासारखं असणार, अशी इंजिनियरिंगच्या चार वर्षांनी लावलेली सवय. पाच-सहा वर्षांत काही विकत घेऊन, काही जुने मिळवून, काही मित्रांकडून महिना-महिना उसने आणून मी बरेच हेडफोन ऐकले. या लेखात त्यातले चार आहेत आणि एक कॅसेट आहे. कॅसेट नसती तर ही तुलना छंदच राहिली असती. तिच्यामुळे ती मला नीट करावी लागली.

आधी चौघांची ओळख.

सेनहायझर एचडी ६०० हा १९९७ सालचा. सेनहायझरची सुरुवात १९४५ साली जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या एका खेड्यात झाली, आणि त्यांनी सगळ्यात आधी बनवलेली वस्तू म्हणजे व्होल्टमीटर, मोजमापाचं यंत्र. एचडी ६०० ऐकताना मला ते पटतं. तो काही खुलवून सांगत नाही. खालचा बेस जरा कमी, वरची किणकिण जरा मागे, आणि मधला पट्टा, जिथे माणसाचा आवाज राहतो, तो अगदी स्वच्छ. त्याचा इंपिडन्स ३०० ओहम, त्यामुळे लॅपटॉपच्या भोकात घातला की बिचारा कुजबुजतो. वेगळा अँप्लिफायर लागतो.

बायरडायनॅमिक डीटी ९९० हा १९८०च्या दशकातला. कंपनी त्याहून कितीतरी जुनी, १९२४ साली बर्लिनमध्ये सुरू झालेली. १९३७ मध्ये त्यांनी काढलेला डीटी ४८ हा हेडफोनच्या इतिहासातला एक मैलाचा दगड. डीटी ९९० म्हणजे खाली ढोल आणि वर झांज. बेस वाढवलेला, ८ किलोहर्ट्झच्या आसपास एक उंच सुळका, आणि गायक दोन पावलं मागे उभा.

तिसरा व्हिएन्नाच्या एकेजीचा के ७०१, २००५ सालचा. दिसायला पांढराशुभ्र आणि देखणा. डोक्यावरच्या चामडी पट्ट्याला आतून उंचवटे आहेत, तासाभराने टाळूवर त्यांचे ठसे उमटतात. याची ख्याती जागेची. वाद्यं एकमेकांपासून सुटी होतात, मध्ये हवा खेळते. बेस मात्र हातचं राखून.

चौथा ब्रुकलिनचा ग्रॅडो एसआर ६०, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा. जोसेफ ग्रॅडो मुळात घड्याळं दुरुस्त करणारा कारागीर. पुढे तो ग्रामोफोनच्या पिनांकडे वळला आणि त्याच्या घराण्यातून हे हेडफोन आले. फोमच्या गोल गाद्या, कानाला झाकत नाहीत, नुसत्या टेकतात. २ किलोहर्ट्झच्या आसपास त्याचा आवाज पुढे येतो, त्यामुळे गिटार, व्हायोलिन, पेटी, सगळं अगदी तोंडाशी. एखाद्या बैठकीत पहिल्या रांगेत सतरंजीवर बसल्यासारखं.

चौघेही उघड्या पाठीचे. म्हणजे कपच्या मागे जाळी असते, आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. ही कल्पना सेनहायझरनेच १९६८ साली पिवळ्या फोमच्या एचडी ४१४ मधून रुळवली. आवाज मोकळा येतो हा तिचा फायदा. तोटा पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कळतो. एप्रिलमध्ये पंखा बंद करून ऐकायला बसावं लागतं, आणि शेजारच्या घरातला मिक्सर सुरू झाला की उठावं लागतं.

*

आता हे चार एवढे वेगळे का? चौघांनाही आवाज जसा आहे तसा द्यायचाय, तर उत्तर एकच यायला हवं.

गोम आपल्या कानात आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. पेनाच्या टोपणात फुंकर मारली की ते त्याच्या ठरलेल्या सुरात शीळ घालतं, तशी ही नळी ३ किलोहर्ट्झच्या आसपास घुमते. बाहेरच्या पाळीची वळणं त्यात आणखी भर घालतात. समोर बसलेल्या माणसाचा आवाज पडद्यापर्यंत पोचतो तेव्हा त्या पट्ट्यात तो दहा डेसिबलहून जास्त वाढलेला असतो. आपण जन्मापासून असंच ऐकत आलोय, म्हणून आपल्याला ते सरळच वाटतं. हेडफोन मात्र कानाला खेटून बसतो आणि हा नेहमीचा रस्ता बिघडवतो. त्यामुळे बनवणाऱ्याला ती वाढ अंदाजाने परत घालावी लागते. किती घालायची? चार कारखान्यांची चार उत्तरं. शिवाय प्रत्येकाची पाळी आणि नळी वेगळी, त्यामुळे एकच हेडफोन दोन डोक्यांवर दोन प्रकारे वाजतो. चष्म्याची काडी गादीखाली आली तरी बेस गळतो.

म्हणजे फरक खरे आहेत. पण ते ऐकून ठरवणं भलतंच अवघड आहे.

पहिली अडचण मोठेपणाची. दोन आवाजांपैकी एक अगदी एका डेसिबलने मोठा असला तर तो आपल्याला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. मी एका जाड पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात छोटा मेजरमेंट मायक बसवला, चारही हेडफोन आळीपाळीने त्यावर ठेवून मधल्या पट्ट्यातला आवाज सारखा केला, आणि मगच ऐकायला सुरुवात केली. एवढ्यानेच निम्मी मतं गळून पडली.

दुसरी अडचण आठवणीची. आवाजाचा बारीक पोत आपल्या डोक्यात काही सेकंदच टिकतो. एक हेडफोन काढा, दुसरा घाला, वायर बदला, आवाज जुळवा. तोवर पहिला आवाज गेलेला असतो आणि त्याच्याबद्दलचं विशेषण तेवढं उरलेलं असतं. पुढची तुलना विशेषणांचीच होते.

तिसरी अडचण डोळ्यांची आणि हातांची. डोळे बांधले तरी के ७०१चे उंचवटे टाळूला कळतात, ग्रॅडोचा फोम कानाला टोचतो. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी यावर सुंदर तोडगा काढला. एकाच हेडफोनवर इक्वलायझर लावून बाकीच्या हेडफोनची नक्कल करायची, म्हणजे डोक्यावरचं वजन तेच राहतं आणि आवाज तेवढा बदलतो. अशा चाचण्यांमध्ये बहुतेक श्रोत्यांची पसंती बऱ्यापैकी एकसारखी निघाली. खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा वाजणारा हेडफोन लोकांना आवडतो, नाव आणि किंमत काहीही असो. किंमतीचं तर बोलायलाच नको. २०१७ साली ध्वनिशास्त्राच्या एका नियतकालिकात २८३ हेडफोनची मोजमापं छापून आली. किंमत आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स यांच्यात काही संबंध सापडला नाही.

आणि चौथी, मला सगळ्यात आवडणारी, सवयीची. हेडफोनप्रेमी म्हणतात की नवा हेडफोन शंभर तास वाजवल्यावर ‘खुलतो’. खुलतो तो बहुधा ऐकणारा. डीटी ९९० आठवडाभर घातला की तो सुळका ऐकू येईनासा होतो, आणि मग एचडी ६०० घातला की त्यावर गोधडी टाकलीय असं वाटतं. आणखी चार दिवसांनी गोधडीही जाते. कान कशालाही घर म्हणायला तयार असतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*

आता कॅसेट.

माझी आजी, आईची आई, सांगलीची. तिची मुलं तिला आक्का म्हणायची. लग्नाआधी ती सहा वर्षं गाणं शिकली, लग्नानंतर घरी गायची. घरात मिरजेहून आणलेला तानपुरा होता आणि एक पेटी. १९८८ साली मामाने पहिल्या पगारातून चपटा, पुढे पट्ट्यांसारखी बटणं असलेला मोनो टेपरेकॉर्डर घेतला आणि एका दुपारी आजीसमोर ठेवला. ४१ मिनिटं. भूपातली एक बंदिश, तीन अभंग, काही ओव्या, मध्ये कुकरची शिट्टी. दुसऱ्या बाजूला रेडिओवरची सिनेमाची गाणी. आजी १९९९ मध्ये गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. तिचे फोटो पुष्कळ आहेत. आवाज एवढाच.

२०२४ मध्ये तिला जाऊन पंचवीस वर्षं झाली. मामाने कॅसेट पुण्याला पाठवली, कॉम्प्युटरवर घेऊन दे आणि जरा साफ करून दे म्हणाला, सगळ्यांना पाठवू. मी एका मित्राचा नीट सर्व्हिस केलेला डेक आणला. टेप ज्या यंत्रावर भरली त्याच्या हेडचा कोन आणि वाजवणाऱ्या हेडचा कोन जुळला नाही तर वरचे सूर एकमेकांना खातात. म्हणून बारक्या स्क्रू-ड्रायव्हरने हेडचा स्क्रू केसाएवढा फिरवत, आजीचा ‘श’ सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबले. मग २४ बिटमध्ये एकदाच सगळं भरून घेतलं.

प्रश्न त्यानंतर सुरू झाला. साफ करायचं म्हणजे काय? थोडी खरखर काढायची, थोडा इक्वलायझर लावायचा, आवाज ‘नैसर्गिक’ करायचा. आणि नैसर्गिक आहे की नाही हे मी कशावर ठरवणार? समोरच्या हेडफोनवर.

फ्लॉइड टूल या कॅनेडियन ध्वनिशास्त्रज्ञाने याला गोंधळाचं वर्तुळ म्हटलंय. स्पीकर चांगला की वाईट हे आपण ध्वनिमुद्रणं ऐकून ठरवतो, आणि ती ध्वनिमुद्रणं कोणीतरी कुठल्यातरी स्पीकरवर ऐकूनच तशी केलेली असतात. ब्राइट हेडफोनवर बसून मी फाइल साफ केली तर वरचे सूर कापून टाकीन आणि फाइल मंद होईल. मंद हेडफोनवर केली तर ती टोचरी होईल. हेडफोनचा दोष उलटा होऊन आजीच्या आवाजात शिरेल आणि कायमचा तिथे राहील. माझ्याकडे तिची आठवण नाही. मी जी फाइल बनवीन तीच माझी आजी, आणि घरातल्या पुढच्या सगळ्या मुलांचीही.

म्हणून मी चौघांना त्याच ४१ मिनिटांवर बसवलं.

ध्वनिमुद्रण मोनो, त्यामुळे के ७०१च्या प्रसिद्ध साउंडस्टेजला तिथे फारसं काम नव्हतं. दोन्ही कानांना एकच आवाज दिला की तो डोक्याच्या मध्यावर येऊन बसतो. तरी त्याने मला खोली दाखवली. भूप संपता संपता मागे कोणीतरी स्टीलचं भांडं फरशीवर ठेवतं, आणि पुढे एका अभंगाआधी आजी मान वळवून कोणालातरी ‘थांब जरा’ म्हणते. हे बाकीच्यांवरही होतं, पण माझं लक्ष के ७०१ने वेधलं.

डीटी ९९०वर टेपची सळसळ पावसासारखी पडत होती. साहजिक आहे, त्या साध्या रेकॉर्डरने ८ किलोहर्ट्झच्या वर सळसळीशिवाय फारसं काही पकडलेलंच नव्हतं, आणि याचा सुळका बरोबर तिथे. पण २३व्या मिनिटाला टेपची पूड निघून आवाज क्षणभर पडतो, तो सगळ्यात आधी इथेच सापडला. दोष शोधायला हा उत्तम. भिंगासारखा.

ग्रॅडोवर आजी जवळ आली. फारच जवळ, आणि थोडी नाकातही. पण तानपुरा सगळ्यात जिवंत इथे होता. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढतात, त्यामुळे एका तारेतून सुरांचा पिसारा फुलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं होतं. नेहमीच्या नियमाने जे उपस्वर तारेतून येऊच नयेत तेही या घोडीमुळे येतात. ग्रॅडो नेमका त्या पिसाऱ्याला पुढे करतो. रेकॉर्डरमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारं सर्किट होतं, त्यामुळे आजी श्वास घ्यायला थांबली की तानपुरा भरतीसारखा चढतो आणि ती गायला लागली की ओसरतो. ग्रॅडोवर ही भरती-ओहोटी ऐकत मी बराच वेळ बसून राहिले.

एचडी ६००वर यातलं सगळं होतं आणि काहीच पुढे नव्हतं. एक बाई गातेय, एवढंच.

मग मी एक प्रयोग केला. चार वेगवेगळ्या दिवशी, चार हेडफोनवर, आधीचं काही न बघता इक्वलायझर लावला, आवाज कानाला सरळ वाटेपर्यंत. शेवटी चारही आलेख एकावर एक ठेवले. डीटी ९९०च्या दिवशी मी ८ किलोहर्ट्झला खड्डा केला होता. ग्रॅडोच्या दिवशी २ किलोहर्ट्झला. त्या आलेखांत टेपपेक्षा हेडफोनच जास्त दिसत होते. सगळ्यात कमी हात एचडी ६००च्या दिवशी लागला होता, म्हणून पुढचं काम त्याच्यावर करायचं ठरवलं. पण त्याचा आलेखही अगदी सपाट नव्हताच. त्यात सेनहायझर किती आणि टेप किती, हे सांगायला आजीला समोर ऐकलेलं माणूस हवं होतं.

*

आईला रविवारी दुपारी बसवलं. पंखा बंद. तिने चष्मा काढून ठेवला. ग्रॅडोच्या गाद्या कानातल्या कुड्यांवर दाबत होत्या, म्हणून कुड्याही काढल्या. मी तिला काही सांगितलं नव्हतं, फक्त आळीपाळीने डोक्यावर चढवत होते.

डीटी ९९०वर ती म्हणाली, “आक्काचा स असा दातातून येत नव्हता गं.” ग्रॅडोवर म्हणाली, “ही स्वयंपाकघरातून गातेय, आणि मी ओट्याशी उभी आहे.” के ७०१वर भांडं ठेवल्याच्या आवाजाला ती हसली, “ते मीच ठेवलं असणार.” एचडी ६००वर ती सगळ्यात जास्त वेळ गप्प राहिली. मग काढून मांडीवर ठेवला.

“आक्काच आहे. पण ही एवढ्या वरच्या पट्टीत कधीपासून गायला लागली?”

मी विचारलं, तिची पट्टी कुठली?

“काळी चार. माझीही तीच. तिच्याच तानपुऱ्यावर शिकले ना.”

त्या रात्री मी फाइलमधल्या तानपुऱ्याचा षड्ज मोजला. काळी चार म्हणजे सुमारे २०८ हर्ट्झ. टेपवर तो सरासरी २१९ निघाला, म्हणजे जवळजवळ पांढरी सहा, एक पूर्ण घर वर. आणि तो स्थिरही नव्हता. पहिल्या मिनिटाला २१६, शेवटच्या मिनिटाला २२१. गाता गाता कोणी आपला तानपुरा असा हळूहळू चढवत नाही. चढवतात ते उतरत चाललेले सेल. भरताना मोटर मंद चालली की टेपवर आवाज दाटीने बसतो, आणि चांगल्या डेकवर वाजवताना तो वर जातो, जलद होतो. मामाला फोन केला तर तो हसायला लागला. “दोन महिन्यांनी उन्हात ठेवून तेच सेल परत घालायचो आम्ही.” मग त्याने पेटीचा फोटो पाठवला. काळी चारवर आजीने लावलेला चिकटपट्टीचा पिवळा पडलेला तुकडा अजून होता. ती पट्टी दाबून फोनवर रेकॉर्ड करून पाठव म्हटलं. २०६ हर्ट्झ. पेटीही वयाने जराशी उतरलेली.

इथे थोडं थांबण्यासारखं आहे. दोन महिने मी अर्ध्या-अर्ध्या डेसिबलसाठी चार हेडफोनशी झटत होते. आणि या टेपमधला सगळ्यात मोठा फरक असा होता की जगातला कुठलाही हेडफोन, शंभर रुपयांचा असो की लाखाचा, तो दाखवू शकला नसता. चौघांनीही २१९ला इमानदारीने २१९च म्हटलं. तो फरक आईने पकडला, कारण तिची तुलना हेडफोनशी चाललेली नव्हती.

मी वेग दुरुस्त केला, सुरुवातीला पाच टक्के, हळूहळू वाढत शेवटी सात. ४१ मिनिटांची साडेत्रेचाळीस झाली. आवाज खाली आला, रुंद झाला. पातळ, जराशी घाईत गाणारी बाई जाऊन एक सावकाश, भरदार बाई आली. ताना मोजता येऊ लागल्या. आईने पहिली ओळ ऐकली आणि म्हणाली, “हां. आता.”

मामाने ऐकलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “चांगलं आहे. पण आक्का अशी नव्हती गात. तिचा आवाज पातळ होता.”

मी चक्रावले. दोघेही तिची मुलं, एकाच घरात वाढलेली. मग हळूहळू उलगडा झाला. आई १९९३ मध्ये लग्न होऊन पुण्याला आली, तिने ही टेप फारशी ऐकलीच नव्हती. तिच्याकडे घरातला आवाज होता. मामाने ती सांगलीत वर्षानुवर्षं वाजवली होती, आजी गेल्यावर तर कितीतरी वेळा. शंभर तासांनी हेडफोन खुलतो तसा त्याच्या कानाने त्या टेपला घर मानलं होतं. त्याची आक्का उतरलेल्या सेलवर गाणारी आक्का होती, आणि ती एक घर वर गात होती.

तिला चूक म्हणायचं? मोजमाप आईच्या बाजूने आहे. २१६ ते २२१ची ती चढण कोणालाही तपासता येईल, पेटीवरचा तुकडा आहे. पण मामा ज्या आवाजाजवळ पंचवीस वर्षं बसला, तो पुसून त्या जागी माझी दुरुस्ती ठेवायचा अधिकार मला एका आलेखाने मिळत नाही. हेडफोनच्या वादात मी नेहमी मोजमापाच्या बाजूने बोलते. त्या दिवशी पहिल्यांदा मला समजलं की ‘हा माझ्या कानाला बरोबर वाटतो’ असं म्हणणारा माणूस कधीकधी आवाजाबद्दल बोलतच नसतो. कोणाबरोबर किती वर्षं काढली ते तो सांगत असतो.

हेडफोन ऐकणं मी सोडलेलं नाही. एचडी ६०० टेबलावर असतो, डीटी ९९० दोष शोधायला, ग्रॅडो तानपुऱ्यासाठी. के ७०१ मित्राला परत केला, टाळूने आनंद मानला. कोणी विचारलं की यातला खरा कुठला, तर मी आधी विचारते, कशाच्या तुलनेत? समोर ऐकलेला एखादा आवाज तुमच्याकडे असेल तर तो घेऊन या, मग ठरवू. नसेल तर जो आवडतो तो घ्या, आणि दुसऱ्याच्या हेडफोनला नावं ठेवू नका.

आजीच्या फोल्डरमध्ये आता तीन फाइली आहेत. पहिली, डेकमधून आली तशी, एकही बदल न करता. दुसरी, मामासाठी, टेपच्या मूळ वेगाची, फक्त २३व्या मिनिटाचा खड्डा सांधलेला. तिसरी, वेग दुरुस्त केलेली. इक्वलायझर कुठेही नाही. सळसळ तशीच ठेवलीय, कारण कुठल्याही हेडफोनवर ती काढायला गेले तर तिच्याबरोबर आजीचा श्वासही जायला लागतो. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल आहे. कुठल्या डेकवर भरलं, कोणत्या तारखेला, कुठे काय बदललं, कशावर ऐकून ठरवलं, हे सगळं तिच्यात लिहिलंय, उद्या कोणाला माझं काम उलटं फिरवायचं असेल तर फिरवता यावं म्हणून. तिसऱ्या फाइलसमोर लिहिलंय: षड्ज काळी ४. आधार, घरची पेटी आणि आईची आठवण.